तंत्र आणि तंत्र

मराठीत 'तंत्र' हा शब्द दोन निरनिराळ्या वस्त्यांत राहतो. एका वस्तीत मंत्र, यंत्र, जारण-मारण आणि अमावास्येची रात्र हे त्याचे शेजारी असतात. दुसऱ्या वस्तीत छपाईचे तंत्र, रंगभूमीचे तंत्र, गळ्याचे तंत्र अशी कष्टाने हाती येणारी कौशल्ये त्याच्यासोबत नांदतात. शब्दाचे मूळ शोधू गेल्यास या दोन्ही वस्त्यांच्या मागे एक विणकर बसलेला दिसतो. 'तन्' म्हणजे ताणणे, विस्तारणे. संस्कृतात 'तंत्र' म्हणजे आधी माग आणि त्यावर ताणलेला ताणा. 'तंतू', 'तंतुवाद्य' आणि आपल्या गायकांची 'तान' ही सारी त्याच धातूची लेकरे. गूढविद्या आणि कारागिरी या दोहोंना एकच नाव देऊन आपल्या भाषेने एक कोडेच घालून ठेवले आहे. एखादे संगीत ऐकून अंगावर काटा येतो, तेव्हा त्यातील कोणते तंत्र काम करीत असते?

ग्वाल्हेरच्या वाचकाला हे कोडे नवे नाही. हजिरा भागात सूफी संत शेख महंमद गौस यांचा भव्य मकबरा आहे. त्याच्या दगडी जाळ्यांची कीर्ती दूरवर पोहोचलेली आहे. त्याच आवारात, खांबांच्या उघड्या मंडपाखाली, मियाँ तानसेनाची साधी समाधी आहे. गौस हे सोळाव्या शतकातील गूढविद्येचे मोठे अधिकारी पुरुष. चुनारच्या डोंगरात त्यांनी अनेक वर्षे तपश्चर्या केली. ईश्वरी नामांचे जप, ग्रहताऱ्यांचे प्रभाव आणि अदृश्य शक्तींचे आवाहन यांचा विचार करणारा 'जवाहिर-ए-खम्सा', म्हणजे 'पाच रत्ने', हा ग्रंथ त्यांचाच. 'अमृतकुंड' या योगविषयक ग्रंथाचा 'बहर-उल-हयात' हा फारसी अवतारही त्यांच्याच नावावर आहे. लोकपरंपरा सांगते की तानसेनाचा कंठ गौसांच्या कृपेने उघडला. समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळल्यास आवाज सुरेल होतो, या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या गायक तेथे आले. पहिल्या अर्थाच्या तंत्राने दुसऱ्या अर्थाच्या तंत्राला जन्म दिला, असे ही कथा म्हणते. मात्र राजा मानसिंह तोमराच्या काळापासून या गावात ध्रुपदाची जी मशागत झाली होती, तिचा उल्लेख या कथेत येत नाही.

हे दोन अर्थ मनात ठेवून एका दूरच्या संगीताकडे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. काळे सदरे घालून कर्कश गिटारी ऐकणारी मुले आता आपल्याही घरांत आहेत. त्या संगीताशी वडीलधाऱ्यांची पहिली ओळख होते ती कवट्या, उलटे क्रूस आणि सैतानाची नावे यांच्यामार्फत. ते पाहून घरात चिंता पसरते. म्हणून या प्रकाराचे मूळ मानले जाणाऱ्या 'ब्लॅक सॅबथ' या इंग्रज वाद्यवृंदाने १९७० या एकाच वर्षात काढलेल्या दोन तबकड्यांचा इतिहास तपासणे उपयुक्त ठरेल. पहिल्या तबकडीत अमावास्या दिसते. दुसरीत ती अमावास्या कशासाठी होती, हे कळते.

बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधील कारखान्यांचे शहर. त्याच्या ॲस्टन या कामगारवस्तीत गिटारवादक टोनी आयोमी, बास गिटार वाजवणारा गीझर बटलर, गायक ऑझी ऑस्बर्न आणि ढोलवादक बिल वॉर्ड हे चौघे वाढले. सर्वांचा जन्म १९४८ किंवा १९४९ मधला. जर्मन बॉम्बफेकीने पडलेल्या घरांचे ढिगारे हेच त्यांच्या बालपणीचे क्रीडांगण. ऑस्बर्नने कत्तलखान्यात काम केले होते, तसेच मोटारीचे भोंगे जुळवण्याच्या कारखान्यातही. आरंभी हे चौघे 'अर्थ' या नावाने अमेरिकी काळ्या लोकांच्या 'ब्लूज' परंपरेतील गाणी वाजवीत. त्याच नावाचा दुसरा वृंद असल्याचे कळल्यावर नवे नाव शोधणे भाग पडले. ज्या जागी ते सराव करीत तिच्यासमोरच्या चित्रपटगृहात मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाचा १९६३ सालचा 'ब्लॅक सॅबथ' हा भयपट लागला होता. भिण्यासाठी माणसे पैसे मोजून रांग लावतात, हे त्यांच्या ध्यानी आले. मग संगीताने का भिववू नये? नाव ठरले. बटलर कॅथलिक घरात वाढलेला असला तरी त्या काळी गूढविद्येची पुस्तके वाचण्याचा त्याला नाद होता. रात्री पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली एक काळी आकृती आपल्याला दिसली, असे तो सांगे. वृंदाच्या नावाचेच जे गाणे तयार झाले, त्याला या कथेचा आधार आहे.

पहिली तबकडी ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड या ध्वनिमुद्रणगृहात जवळजवळ एका दिवसात उरकली गेली. निर्माता होता रॉजर बेन. ती बाजारात आली १३ फेब्रुवारी १९७० रोजी. त्या दिवशी शुक्रवार होता आणि पाश्चात्त्य समजुतीप्रमाणे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ. मुखपृष्ठावर एका जुन्या पाणचक्कीपुढे काळ्या झग्यातील फिकट चेहऱ्याची स्त्री. आतील पानावर उलटा क्रूस. तो क्रूस वृंदाला न विचारता कंपनीने छापला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुकानातील अमावास्या बरीचशी विक्रीखात्याने सजवली होती. त्यातील गाणीही सर्वस्वी त्यांची नव्हती. दोन गाणी इतरांकडून घेतलेली आणि बराच भाग ब्लूजच्या चालीवर लांबवलेला. पण पहिल्याच गाण्यात पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा यांच्यामागून जे तीन स्वर येतात, त्यांनी एका नव्या संगीतप्रकाराची नांदी केली.

हे तीन स्वर आपल्या परिभाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि तेथून खाली उतरून तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अंतराला पाश्चात्त्य संगीतशास्त्रात 'संगीतातील सैतान' असे लॅटिन नाव आहे. मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती, असे हौसेने सांगितले जाते. परंतु बंदीची कथा ही दंतकथाच आहे. ते नाव रूढ झाले अठराव्या शतकातील संगीतशिक्षणाच्या ग्रंथांतून आणि त्याचा रोख होता हे अंतर गायला अवघड आणि कानाला अस्थिर असण्यावर. आपल्या कानाला मात्र यात सैतान दिसणे कठीण. हाच तीव्र मध्यम यमनात येतो तेव्हा दिवेलागणीची प्रसन्नता घेऊन येतो आणि मारव्यात येतो तेव्हा सूर्यास्ताची हुरहुर लावतो. तेव्हा भय स्वरात नव्हते. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर गंधार-पंचमाच्या सोबतीने येणारा हा स्वर स्थिरावतो. तोच येथे उघडावाघडा, संथ लयीत, कर्कश केलेल्या गिटारीवर थरथरत ठेवून दिला आहे. भीती निर्माण झाली ती मांडणीतून. पहिल्या अर्थाचे तंत्र म्हणून जे विकले गेले, ते दुसऱ्या अर्थाचे तंत्र होते.

याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये, १८ तारखेला, दुसरी तबकडी आली. तिचे नाव 'पॅरानॉइड'. मधल्या महिन्यांत वृंदाने अफाट मैफली केल्या होत्या. झुरिक शहरातील एका ठिकाणी त्यांना दिवसातून अनेक वेळा वाजवावे लागे आणि हाताशी गाणी थोडी. वेळ भरून काढण्यासाठी एकच स्वरावली घोळवत, तिच्यात नवे वळसे शोधत ते वाजवीत राहिले. आपल्याकडे मैफलीत चीज पिकते तशीच ही गाणी पिकली. म्हणून जून १९७० मध्ये ध्वनिमुद्रणास बसताना त्यांच्याजवळ स्वतःची, पूर्ण बांधलेली गाणी होती. उसने एकही नाही. रॉकमध्ये जिला 'रिफ' म्हणतात ती पुन्हा पुन्हा फिरून येणारी ठसठशीत स्वरावली. आपल्या मुखड्याशी तिचे काम जुळते. पहिल्या तबकडीत रिफ वातावरण उभे करते आणि मग वादन भरकटत जाते. दुसरीत ती गाण्याचा कणा होते. वळणे नेमकी येतात, लय कोठे बदलायची ते ठरलेले असते आणि त्या जडशीळ स्वरांखाली वॉर्डचा ढोल जॅझच्या सवयीने झुलत राहतो. गायक पुष्कळदा रिफच्याच चालीवर शब्द ठेवतो. त्यामुळे वाद्य आणि वाणी एकाच वजनाने आदळतात.

या बदलाचे मर्म पहिल्याच गाण्याच्या जन्मकथेत सापडते. ते गाणे आधी 'वॉल्पुर्गिस' होते. युरोपीय लोकसमजुतीत ३० एप्रिलची रात्र ही वॉल्पुर्गिसची रात्र. त्या रात्री चेटकिणी डोंगरावर जमून सैतानाची पूजा करतात, अशी कल्पना. कंपनीला हे नाव फार सैतानी वाटले. शब्द बदलले आणि गाणे 'वॉर पिग्ज' या नावाने आले. 'युद्धातील डुकरे' हे त्याचे उघड लक्ष्य. व्हिएतनाममध्ये तेव्हा अमेरिकी सैन्य लढत होते. चेटकिणींची सभा गाण्यातून गेली नाही, तिला फक्त उपमेची जागा मिळाली. युद्धाचे बेत आखणारे सेनापती हेच आता त्या काळ्या सभेतील मांत्रिक आहेत, लढायला पाठवली जातात ती गरिबांची मुले, आणि शेवटी न्यायाच्या दिवशी हे सत्ताधीश गुडघे टेकतात. खरा सैतान म्हणजे युद्ध लादणारी माणसे, असे बटलरने पुढे वेळोवेळी सांगितले आहे. गाण्याच्या आरंभी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. ॲस्टनच्या ढिगाऱ्यांत खेळलेल्या मुलांसाठी तो केवळ नाट्यमय आवाज नव्हता. त्यांच्या आईबापांनी तो भोंगा ऐकून घर सोडले होते.

म्हणजे पहिल्या तबकडीत जी काळी आकृती पलंगाच्या पायथ्याशी होती, ती दुसरीत नकाशे पसरलेल्या टेबलाभोवती जाऊन बसली. उरलेली गाणीही हाच प्रवास दाखवतात. एकात अणुयुद्धानंतरची जळलेली पृथ्वी आहे. एकात युद्धावरून परतलेला आणि हेरॉइनच्या सुईत अडकलेला सैनिक आहे. 'आयर्न मॅन'मधला माणूस विनाशाचा इशारा द्यायला भविष्यातून परततो, पण वाटेत पोलादाचा होऊन बसतो. कोणी त्याचे ऐकत नाही, म्हणून तोच विनाश घडवतो. ज्याच्या नावाने तबकडी ओळखली जाते ते 'पॅरानॉइड' हे गाणे तर उरलेली जागा भरण्यासाठी काही मिनिटांत रचलेले. त्यात भूत नाही, प्रेत नाही, केवळ खचलेले मन आहे. आपण स्वतः त्या काळी नैराश्यात होतो, हे बटलरने नंतर सांगितले. आणि या साऱ्या गजरात 'प्लॅनेट कॅरॅव्हॅन' हे अगदी शांत, तरंगणारे गाणे आहे. त्यात गायकाचा आवाज फिरत्या ध्वनिक्षेपकातून पाण्याखालून आल्यासारखा येतो. भिववण्याचा एकच मंत्र जाणणाऱ्या वृंदाला अशी शांतता सुचली नसती.

तबकडीचे नाव आधी 'वॉर पिग्ज' असेच ठरले होते. कंपनीने ते बदलले, मुखपृष्ठ मात्र तेच राहिले. त्यामुळे 'पॅरानॉइड' या शब्दाखाली ढाल-तलवार घेतलेला एक शिरस्त्राणधारी योद्धा उभा आहे आणि त्याचा नावाशी काही संबंध लागत नाही. तरीही ही तबकडी इंग्लंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि एकेरी गाणे चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. बाहेरच्या जगाने मात्र सैतानाचेच नाव लक्षात ठेवले. गळ्यातल्या क्रुसांवरून त्यांना सैतानपूजक म्हटले जाई. ते क्रूस ऑस्बर्नच्या वडिलांनी, एका हत्यारे घडवणाऱ्या कामगाराने, धातूतून कापून दिलेले होते.

या नादाचा आणखी एक उगम कारखान्यातच आहे. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. भाजलेल्या हाताने वाजवणाऱ्या जँगो राइनहार्टची तबकडी एका वरिष्ठाने त्याला ऐकवली आणि तो पुन्हा उभा राहिला. भांडी घासण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटवले आणि बारीक तारा लावल्या. पुढे, १९७१च्या तिसऱ्या तबकडीच्या वेळी, तारा सैल करून स्वर खाली उतरवला. बोटांना सोपे जाणाऱ्या स्वरजोड्या, दोन स्वरांतील जड पावले, दाट कंप, ही त्या शैलीची लक्षणे या इजेवर शोधलेल्या उपायांशी निगडित आहेत.

ग्वाल्हेरला येथे आपल्या हस्सूखाँची आठवण होईल. नत्थन पीरबक्ष लखनौहून ग्वाल्हेरला आले. त्यांचे नातू हद्दूखाँ आणि हस्सूखाँ यांनी दरबारातील बडे महंमदखाँ यांची तानबाजी आडून ऐकून आत्मसात केली, असे परंपरा सांगते. त्या श्रवणाने घराण्याचा नादच बदलला. ध्रुपदाच्या पायावरील ख्यालात वेगाची, दमाची, झेपावणारी तान आली. पुढे भर मैफलीत मियाँ मल्हारात 'कडक बिजली'ची तान घेताना हस्सूखाँची बरगडी मोडली, ही कथा ग्वाल्हेरच्या प्रत्येक संगीतप्रेमी घरात ऐकवली जाते. ती ऐकताना आपण विजेचा चमत्कार पाहतो. पण कथेच्या गाभ्यात आहे तो श्वास, फासळ्या आणि असंख्य पहाटांचा रियाज. ती तान वीज म्हणून टिकली नाही. ती विद्या म्हणून टिकली. वासुदेवबुवा जोश्यांकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आणि त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुस्करांकडे, म्हणजे महाराष्ट्रात पोहोचली. कृपा वाटता येत नाही. रियाज शिकवता येतो.

काळोखाच्या या संगीताची शाखा मराठी मुलखातही फुटली. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे मेळे भरू लागले. अलाहाबादेत १९९३ साली 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक निघाले. त्यातून लहान गावांतील मुलांनाही या जगाची खबर मिळू लागली. अशा वातावरणात २००० साली साहिल माखिजा या तरुणाने मुंबईत 'डिमॉनिक रिझरेक्शन' हा वृंद उभा केला. त्याने स्वतःला 'डिमनस्टीलर', म्हणजे राक्षसचोर, असे नाव घेतले आणि पहिली तबकडीही त्याच नावाने काढली. २००५ साली आलेली 'अ डार्कनेस डिसेंड्स' ही दुसरी. गुरगुरता आवाज, मोकळा गाता आवाज आणि कीबोर्डचे भव्य पडदे असा त्यांचा नाद घडला आणि काळोखाची कथा एका तबकडीपुरती न राहता पुढच्या कृतींपर्यंत नेण्याची योजना झाली. २०१७ मध्ये या वृंदाने 'दशावतार' नावाची तबकडी काढली. तिचा विषय विष्णूचे दहा अवतार. युरोपातील राक्षसापासून सुरू झालेली वाट पुराणातील असुरांपर्यंत आली. कोकणातील दशावतारी खेळात संकासुर रंगमंचावर येतो तेव्हा पोरे भितात आणि हसतातही. आपल्याकडे राक्षसाला रंगभूमीवर मानाची जागा आहे आणि त्याला पाहिल्याने कोणी राक्षसपूजक झाल्याचे ऐकिवात नाही.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथचे ते चौघे अखेरचे एकत्र वाजले. आजारी ऑस्बर्न आसनावर बसून गायला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला वारला. निरोपाच्या त्या मैफलीत त्यांनी 'वॉर पिग्ज' आणि 'पॅरानॉइड' गायले. पंचावन्न वर्षांत युद्धे संपली नव्हती, त्यामुळे भोंग्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

तेव्हा घरातील मुलगा असे काही ऐकत असेल तर मुखपृष्ठावरील क्रूस पाहून दार लावून घेण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून एक गाणे अखेरपर्यंत ऐकावे, आणि या वृंदाने काळोखाचे पुढे काय केले, असे त्याला विचारावे. अनेक वृंद त्या पहिल्या भीतीतच अडकून राहिले. त्यांच्याकडे वेष उरला आणि नाद आटला, हेही खरे. पण ज्यांनी दुसरे पाऊल टाकले त्यांच्याबाबतीत तंत्राचा पहिला अर्थ हळूहळू मागे सरतो आणि मागावर ताणलेले धागे दिसू लागतात. हजिऱ्याच्या चिंचेची कथाही तशीच ऐकावी. तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पाला चघळून घरी गेलेल्या गायकालाही दुसऱ्या पहाटे तंबोरा जुळवून षड्ज लावावाच लागतो.